इलेक्ट्रिक शॉवर सारखा ट्रिप होतोय, दोरीचा स्विच परत परत जळतोय: कुठे बघायचं आणि इलेक्ट्रिशियनला काय विचारायचं

थंडी सुरू झाली की इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो. कुणाचा शॉवर दहा मिनिटांत गार पडतो, कुणाच्या अर्ध्या घराची लाइट जाते, कुणाच्या बाथरूमच्या छतावरचा दोरीचा स्विच (दोरी ओढून शॉवरची वीज चालू-बंद करायचा) तपकिरी पडलाय आणि त्याला कसलातरी वास येतोय. आणि बहुतेक वेळा पुढचं वाक्य असतं, "अहो, मागच्या वर्षीच तर बदलला होता." हे ऐकलं की मला खरंच काळजी वाटते, कारण एकदा जळालेला स्विच नवा टाकून परत जळत असेल तर दोष स्विचमध्ये नसतो, तो वायरच्या रस्त्यात दुसरीकडे कुठेतरी बसलेला असतो आणि तो शोधल्याशिवाय कितीही स्विच बदलले तरी तेच होणार. मी इथे घरांच्या वायरिंगच्या इन्स्पेक्शन आणि टेस्टिंगचं काम करते, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते. नियमांचा भाग इंग्लंडपुरता आहे, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये थोडे वेगळे नियम आहेत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. आपल्याकडे पुण्या-नाशिकला जो इन्स्टंट गिझर असतो तो साधारण ३ किलोवॅटचा, म्हणजे १३ अँपिअर, १६ अँपिअरच्या पॉवर प्लगवर आरामात चालतो. इथला इलेक्ट्रिक शॉवर त्याच्यासारखाच दिसतो, भिंतीवर एक पांढरा डबा, थंड पाण्याची एक नळी आत येते, टाकी वगैरे काही नाही, पण त्याची भूक ८.५, ९.५ नाहीतर १०.५ किलोवॅटची असते. १०.५ चा शॉवर म्हणजे तीन गिझर एकाच वायरवर चालू करून वर अजून अर्धा. २४० व्होल्टला हिशोब केला तर ८.५ ला सुमारे ३५ अँपिअर, ९.५ ला जवळजवळ ४० आणि १०.५ ला ४४ अँपिअर. घरातलं दुसरं कुठलंच उपकरण सलग दहा-पंधरा मिनिटं इतका करंट ओढत नाही (गाडीचा चार्जर सोडला तर, आणि तोसुद्धा घरगुती असेल तर ३२ अँपिअरचा असतो). म्हणून बाकी वायरिंगमध्ये वर्षानुवर्षं खपून जाणारी छोटीशी ढिलाई शॉवरच्या सर्किटमध्ये खपत नाही.

आता तपासणी. पहिला प्रश्न, नेमकं काय ट्रिप झालं? "फ्यूज उडाला" एवढं सांगून भागत नाही. फ्यूज बॉक्ससमोर उभं राहून बघा, कुठला खटका खाली आलाय. फक्त शॉवर असं लिहिलेला एक अरुंद खटका खाली असेल तर तो एमसीबी, तो जास्त करंट किंवा शॉर्ट झाला की पडतो. रुंद, टेस्ट बटण असलेला खटका पडला असेल आणि त्याच्याबरोबर शेजारची चार-पाच सर्किटं पण गेली असतील तर तो आरसीडी, तो करंट गळतोय हे ओळखतो, ३० मिलिअँपिअर गळती झाली की तोडतो. नव्या बोर्डात प्रत्येक सर्किटला दोन्ही कामं करणारा एकच खटका असतो, आरसीबीओ, अरुंद पण टेस्ट बटण असलेला, तिथे नुसतं बघून कळत नाही, वेळ बघावी लागते: चालू केल्याकेल्या पडतो की दहा-पंधरा मिनिटांनी? लगेच पडत असेल तर बहुतेक गळती किंवा शॉर्ट, थोड्या वेळाने पडत असेल तर बहुतेक उष्णता. फोटो काढून ठेवा, इलेक्ट्रिशियनला तो फोटो तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगेल.

आरसीडी पडत असेल तर शॉवरच्या डब्यातलं एलिमेंट हा पहिला संशयित. एलिमेंटच्या बाहेरच्या धातूच्या आवरणाला बारीक भोक पडतं, पाणी आत शिरतं, गळती सुरू होते. बऱ्याच शॉवरमध्ये दोन एलिमेंट असतात, लो ला एक चालतं आणि हाय ला दोन्ही, त्यामुळे लो ला नीट आणि हाय केला की पडतो असं असेल तर दुसऱ्या एलिमेंटवर संशय घ्या. पण एक करून बघता येतं, काहीही न उघडता. दोरीचा स्विच बंद करा, मग आरसीडी वर करा. दोरीचा स्विच डबल पोल असतो, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. स्विच बंद असताना आरसीडी टिकतो आणि चालू केल्यावरच पडतो तर घोळ स्विचच्या पुढे आहे, म्हणजे शॉवर किंवा तिथपर्यंतची वायर. स्विच बंद असतानाही पडतो तर घोळ स्विचच्या मागे आहे, लॉफ्टमधून (छत आणि छपराच्या मधल्या जागेतून) येणाऱ्या केबलमध्ये किंवा दुसऱ्याच कुठल्यातरी सर्किटवर, कारण एका आरसीडीवर वॉशिंग मशीन, किचन, बागेतली लाइट असं बरंच काही लटकवलेलं असतं आणि सगळ्यांची थोडी थोडी गळती एकत्र होऊन मर्यादा ओलांडली जाते. नुसता शॉवरचा एमसीबी खाली करून हे कळत नाही बरं का, बहुतेक एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि न्यूट्रल कुठे अर्थला टेकला असेल तर एमसीबी बंद असतानाही आरसीडी पडू शकतो. बरेच जण इथेच फसतात आणि "शॉवर बंद होता तरी पडला, म्हणजे शॉवर चांगला आहे" असं ठरवून मोकळे होतात.

एक-दोनदा वर करून पडला की सोडून द्या. सारखा वर करत बसू नका आणि कुणी "आरसीडी बायपास करून देतो, कटकट नको" म्हणालं तर त्याला घरातून घालवा. ओल्या अंगाने पाण्याखाली उभं असताना तुमच्या आणि २३० व्होल्टच्या मध्ये जे काही असतं त्यातला तो फार मोठा भाग आहे.

एमसीबी पडत असेल तर त्याच्यावरचा आकडा वाचा. बी३२, बी४०, बी४५, बी५० असं काहीतरी लिहिलेलं असतं. एमसीबी आकड्याच्या जरा वर गेला की लगेच पडत नाही, आकड्याच्या १.१३ पटीपर्यंत तो तासभर न पडता राहणं अपेक्षित असतं, १.४५ पटीला मात्र तासाभरात पडलाच पाहिजे. आता हिशोब करा: ३२ च्या एमसीबीवर कुणीतरी ९.५ चा शॉवर लावला तर सुमारे ४० अँपिअर, म्हणजे १.२४ पट, तो मधल्या पट्ट्यात येतो. थोड्या वेळाने पडेल, एखाद्या दिवशी पडणारही नाही, सकाळी पहिल्या अंघोळीला टिकेल आणि तिसऱ्याच्या अंघोळीला पडेल. "कधी पडतो कधी पडत नाही, काहीच कळत नाही" या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं. आधीचा ७.५ चा शॉवर बिघडला, घरमालकाने किंवा प्लंबरने दुकानातून नवा मोठा आणून त्याच वायरवर लावला, संपलं.

आणि इथूनच पुढची, सगळ्यात वाईट पायरी सुरू होते. ३२ चा पडतोय ना, मग ५० चा टाका. मग पडत नाही. सगळे खूश. पण एमसीबी केबलला वाचवायला असतो, शॉवरला नाही, आणि ६ स्क्वेअर एमएमच्या केबलवर ५० चा एमसीबी टाकला की केबलला वाली उरत नाही. ट्रिप थांबणं म्हणजे दोष गेला असं नसतं, कधीकधी दोष सांगणाराच गप्प केलेला असतो. कुणी तुमच्याकडे येऊन केबल न बघता नुसता मोठा एमसीबी बसवून गेला असेल तर तो शॉवर आजच बंद ठेवा.

आता मुख्य दुखणं, दोरीचा स्विच जळणं. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथे एमसीबी पण पडत नाही आणि आरसीडी पण पडत नाही, आणि लोकांना वाटतं की काही पडलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

काय होतं बघा. स्विचच्या आत चार टर्मिनल असतात, दोन येणाऱ्या वायरींची, दोन जाणाऱ्या. त्यातला एखादा स्क्रू जरासा सैल राहिला की तिथे रेझिस्टन्स तयार होतो. समजा अगदी ०.०५ ओहम, आणि ४० अँपिअर जातोय. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, १६०० गुणिले ०.०५, झाले ८० वॉट. म्हणजे जुन्या पद्धतीच्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बपेक्षा जास्त उष्णता, मुठीएवढ्या प्लास्टिकच्या बंद डबीत, रोज सकाळी तीन-चार अंघोळी होईपर्यंत. गरम झालं की तांबं फुगतं, गार झालं की आकसतं, स्क्रू आणखी सैल होतो, तांब्यावर काळा थर चढतो, रेझिस्टन्स आणखी वाढतो. करंट मात्र तेवढाच राहतो, उलट थोडा कमीच होतो, म्हणून एमसीबीला काही वेगळं दिसत नाही. गळती नाही म्हणून आरसीडीला दिसत नाही. दिसतं ते फक्त तुमच्या डोळ्याला आणि नाकाला: स्विचच्या कडेला तपकिरी डाग, छताच्या रंगाला पिवळेपणा, आतला लाल दिवा लुकलुकतोय, करकर असा बारीक आवाज, आणि वास. विजेच्या सामानातलं काही प्लास्टिक तापलं की त्याला चक्क सुक्या बोंबलासारखा वास येतो. बाथरूममध्ये, छताजवळ, मासळी घरात नसताना असा वास आला तर मोरीचा ड्रेन तपासत बसू नका, आधी फ्यूज बॉक्समधून शॉवरचं सर्किट बंद करा. बंद करताना दोरी ओढून नाही, फ्यूज बॉक्समधून, कारण जळालेल्या स्विचच्या आतले भाग चिकटलेले असू शकतात, खटका वाजतो पण लाइन तुटलेली नसते.

स्क्रू सैल का राहतो? केबल जाड आणि ताठ असते. छताच्या आतली जागा उथळ असते, इलेक्ट्रिशियन खाली वायरी घट्ट बसवतो आणि मग सगळं वर ढकलून स्विच छताला लावतो, त्या ढकलण्यात वायर फिरते आणि घट्ट केलेला स्क्रू हलतो. चांगला माणूस वायरीला आधीच वळण देतो, घट्ट करतो, हलवून बघतो, परत घट्ट करतो, आणि टॉर्क स्क्रूड्रायव्हर (ठरावीक जोराने स्क्रू पिळणारा) वापरतो. घाईतला माणूस एकदाच पिळून लावतो. दुसरं कारण, पहिल्यांदा स्विच जळाला तेव्हा वायरीचं टोक काळं पडलेलं असतं, त्याच काळ्या तांब्यावर नवा स्विच लावला जातो. काळ्या तांब्यावर चांगला जोड बसतच नाही. ते टोक मागे चमकदार तांबं लागेपर्यंत कापायला पाहिजे, आणि कापल्यावर वायर आखूड पडली तर वायरीची सोय करायला पाहिजे. "मागच्या वर्षीच बदलला" याचं उत्तर मला बहुतेक वेळा या टोकावर सापडतं.

तिसरं कारण आपल्या हातात आहे. शॉवर चालू असताना दोरी ओढून बंद करायचा नाही. प्रत्येक वेळी ४० अँपिअर तोडताना आत ठिणगी पडते आणि स्विचचे काँटॅक्ट खराब होतात. आधी शॉवरच्या डब्यावरचं बटण दाबून बंद करा, पाणी थांबू द्या, मग दोरी. चालू करताना उलट. घरात लहान मुलं, आलेले आई-बाबा सगळ्यांना हे सांगून ठेवा, गावाहून आलेली मंडळी सवयीने मेन स्विचच बंद करतात आणि त्यांचं काही चुकत नाही, गिझरला आपण तेच शिकलोय.

आता केबल. इथे एक गोष्ट आहे जी इलेक्ट्रिशियन नसलेल्या माणसाला सुचणं अशक्य आहे म्हणून मुद्दाम सांगते. केबल किती करंट सोसेल हे नुसत्या जाडीवर नसतं, ती कुठून गेलीये त्यावर असतं. इथल्या वायरिंग नियमावलीच्या, म्हणजे बीएस ७६७१ च्या तक्त्याप्रमाणे ६ स्क्वेअर एमएमची चपटी केबल उघड्या भिंतीला क्लिप केली असेल तर ४७ अँपिअर सोसते, १० ची ६४ सोसते. तीच केबल लॉफ्टमध्ये छताच्या बोर्डवर ठेवून तिच्यावर १०० मिलिमीटरपेक्षा जाड इन्सुलेशन टाकलं की ६ ची उतरते २७ वर आणि १० ची ३६ वर. परत वाचा: १० स्क्वेअर एमएमची केबल, जिच्यावर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवतात, ती जाड रजईखाली ९.५ च्या शॉवरला पुरत नाही. आणि हल्ली लॉफ्ट इन्सुलेशन २७० मिलिमीटर टाकायची शिफारस असते. म्हणजे कसं होतं, घर बांधलं तेव्हा केबल मोकळी होती, सगळं बरोबर होतं, मग पाच-सात वर्षांनी हीटिंगचं बिल वाचवायला लॉफ्टमध्ये जाड इन्सुलेशन टाकलं, टाकणाऱ्याने केबल झाकून टाकली, आणि आता केबल आतल्या आत शिजतेय. विजेच्या कामाला कुणी हात लावलेला नसतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

इन्सुलेशन काढून टाकू नका. केबल उचलून इन्सुलेशनच्या वर, लाकडाला क्लिप करता येते, बऱ्याच घरांत तेवढ्याने काम भागतं. लॉफ्टमध्ये चढून तुम्ही स्वतः एवढंच बघा की बाथरूमकडे जाणारी जाड केबल दिसतेय की झाकलीये, आणि फोटो काढा. हात लावू नका, ओढू नका, जुन्या केबलचं प्लास्टिक तापून कडक झालेलं असलं तर वाकवताना तडकतं. वायरींचे रंग लाल-काळे असतील तर ती केबल जुनी, कारण तपकिरी-निळे रंग २००४ पासून आले आणि २००६ पासून नव्या कामाला सक्तीचे झाले. जुनी म्हणजे वाईट असं नाही, पण जाडी मोजून घ्या असा त्याचा अर्थ.

बरं, पाणी गार पडतं पण काहीच ट्रिप होत नाही, अशी पण एक मोठी गर्दी आहे. तिथे बहुतेक वायरिंगचा संबंध नसतो. लंडन आणि आसपास पाणी जड आहे, एलिमेंटवर आणि शॉवरच्या जाळीवर पांढरा थर बसतो, पाणी अडतं, डबा आतून तापतो आणि आतला सेफ्टी कटआउट हीटर बंद करतो, थोड्या वेळाने परत चालू. जाळी काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, होज कुठे मुडपलेला नाही ना बघा. कुणी खाली फ्लश केलं की गार होत असेल तर प्रेशर कमी पडतंय, प्रेशर पडलं की हीटर मुद्दाम बंद होतो, ते बरोबरच आहे. डब्याखालून पाणी ठिबकत असेल तर आतला प्रेशर सोडणारा भाग उडालाय, तेव्हा वापरणं थांबवा, पाणी आणि वीज एकाच डब्यात आहेत.

आणि थंडीत धार बारीक होणं हा बिघाड नाहीच. डब्यावर ९.५ लिहिलेलं असतं ते २४० व्होल्टला, २३० ला तो ८.७ किलोवॅटच देतो. उन्हाळ्यात नळाचं पाणी १७ अंशाचं असेल तर त्याला ४० पर्यंत न्यायला मिनिटाला सुमारे ५.४ लिटर मिळतात. जानेवारीत तेच पाणी ७ अंशाने आलं की ३.८ लिटर. शॉवर तोच, एलिमेंट तेच. आता लोक काय करतात, धार वाढावी म्हणून १०.५ चा आणतात. त्यात जानेवारीत मिळतात ४.२ लिटर. मिनिटाला ०.४ लिटर, म्हणजे दोन कप पाण्यासाठी केबल, एमसीबी, स्विच सगळं नव्याने बघावं लागतं, आणि कुणी बघत नाही म्हणून तर हा सगळा लेख लिहावा लागतोय. माझं स्पष्ट मत आहे, चालू सर्किट ९.५ किंवा ८.५ चं आहे आणि नीट आहे तर बदलताना तेवढ्याच किलोवॅटचा घ्या. भरपूर धार हवी असेल आणि घरात गॅसचा कॉम्बी बॉयलर असेल तर त्यावरचा मिक्सर शॉवर लावा, विजेकडून ती अपेक्षा करू नका.

घराच्या मेन फ्यूजचाही विचार करायला पाहिजे. मीटरच्या आधी जो सील केलेला काळा डबा असतो तो वीज वितरण कंपनीचा, त्यात ६०, ८० किंवा १०० अँपिअरचा फ्यूज असतो. जुन्या घरात ६० चा असेल आणि तुम्ही दोन बाथरूमला दोन इलेक्ट्रिक शॉवर लावून वर गाडीचा चार्जर बसवणार असाल तर आधी त्याची चौकशी करा. तो बदलायचा अधिकार कंपनीलाच आहे, सील तोडू नका, तोडू देऊ नका. तिथूनच वास किंवा आवाज येत असेल तर १०५ ला फोन करा, तो नंबर फुकट आहे.

आता माणूस कसा निवडायचा. इंग्लंडमध्ये २००५ पासून घरातल्या विजेच्या कामाला बिल्डिंग रेग्युलेशनचा पार्ट पी लागू आहे. शॉवर तसाच्या तसा, तेवढ्याच ताकदीचा बदलला तर कळवायची गरज नसते. नवीन सर्किट टाकलं, म्हणजे फ्यूज बॉक्सपासून नवी केबल ओढली, किंवा फ्यूज बॉक्सच बदलला, तर ते काम नोंदवावं लागतं. रजिस्टर्ड इलेक्ट्रिशियन, म्हणजे एनआयसीईआयसी, एनएपीआयटी अशा संस्थांकडे नाव असलेला, हे स्वतः नोंदवतो आणि तुम्हाला प्रमाणपत्र येतं. तो रजिस्टर्ड नसेल तर काम सुरू होण्याआधी काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवून फी भरावी लागते. घर विकताना वकील हा कागद मागतो, तेव्हा तो शोधायची वेळ येऊ देऊ नका. नाव ऑनलाइन रजिस्टरवर स्वतः शोधून बघा, व्हॅनवरच्या स्टिकरवर जाऊ नका, आणि "घरगुती काम" या वर्गात तो आहे का ते बघा. बाथरूम फिटर किंवा प्लंबर "वायरिंग पण करून टाकतो" म्हणाला तर त्याला विचारा की विजेचं सर्टिफिकेट कुणाच्या सहीने मिळणार. या एका प्रश्नावर बरंच काही कळतं.

घरी आल्यावर चांगला माणूस काय करतो? तो आधी फ्यूज बॉक्स बघतो, मग स्विच, मग लॉफ्ट, आणि शॉवरच्या डब्याकडे शेवटी येतो. लाइन बंद केल्यावर एमसीबीला कुलूप लावतो आणि दोन टोकांच्या टेस्टरने खरंच बंद आहे का तपासतो, टेस्टर चालतोय की नाही हे पण आधी आणि नंतर तपासतो. आपल्याकडे प्रत्येक घरात असतो तो दिवा लागणारा स्क्रूड्रायव्हर टेस्टर घेऊन कुणी इथे काम सुरू करत असेल तर मी त्याला थांबवेन. मग तो ५०० व्होल्टने वायरीवरच्या आवरणाचं इन्सुलेशन तपासतो, अर्थिंगचा लूप मोजतो, आरसीडी किती वेळात पडतो ते मोजतो. हे आकडे कागदावर येतात: नवीन सर्किटला इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट, चालू सर्किटमधल्या छोट्या बदलाला मायनर वर्क्स. कागद नाही म्हणजे टेस्ट झाली नाही असं धरून चला. ओळखीतला, कॅशमध्ये अर्ध्या पैशात करणारा माणूस कितीही गोड बोलला तरी त्याला हे आकडे मागा.

फोनवर किंमत सांगणाऱ्यापेक्षा फोटो मागणारा किंवा येऊन बघणारा बरा. कोटेशनमध्ये केबलची जाडी, एमसीबीचा आकडा, आरसीडी आहे का, आणि सर्टिफिकेट धरलंय का हे लेखी घ्या. जुना तारेच्या फ्यूजचा बोर्ड असेल आणि आरसीडी नसेल तर तो बोर्डाबद्दल बोलणारच, त्याला लगेच "पैसे काढायला बघतोय" म्हणू नका, बाथरूमच्या सर्किटला आरसीडी असावा हे २००८ च्या नियमावलीपासून आहे.

भाड्याने राहताय तर स्वतः इलेक्ट्रिशियन बोलावायच्या आधी घरमालकाला लेखी कळवा. इंग्लंडमध्ये खासगी भाड्याच्या घरांना २०२० च्या नियमांप्रमाणे जास्तीत जास्त दर पाच वर्षांनी वायरिंगची तपासणी करावी लागते, तो रिपोर्ट म्हणजे ईआयसीआर, आणि त्याची प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. रिपोर्टमध्ये सी१ म्हणजे आत्ता धोका, सी२ म्हणजे धोका होऊ शकतो, एफआय म्हणजे अजून तपासायला हवं. यातलं काही असेल तर मालकाला २८ दिवसांत किंवा रिपोर्टमध्ये त्याहून कमी मुदत असेल तर तेवढ्यात काम करून घ्यावं लागतं. सी३ ही फक्त सुधारणेची शिफारस असते. मालक ऐकत नसेल तर काउन्सिलकडे जाता येतं. आपली बरीच नवी आलेली मुलं-मुली "उगाच वाकडं नको" म्हणून जळका वास सहन करत राहतात, तसं करू नका, कृपा करून.

इलेक्ट्रिशियनला पहिला मेसेज पाठवताना एवढं लिहा: शॉवर किती किलोवॅटचा (डब्याच्या खाली किंवा बाजूला प्लेट असते), एमसीबीवरचा आकडा, आरसीडी आहे की नाही, नेमका कुठला खटका पडतो आणि किती वेळाने, दोरीच्या स्विचवर डाग किंवा वास आहे का, स्विच आधी कधी बदलला, आणि लॉफ्टमध्ये इन्सुलेशन कधी टाकलं. सोबत फ्यूज बॉक्सचा, स्विचचा आणि लॉफ्टमधल्या केबलचा फोटो. आणि तो येईपर्यंत शॉवरचा एमसीबी खाली ठेवून त्यावर चिकटपट्टी लावून "चालू करू नये" असं लिहून ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी सकाळच्या घाईत तो वर करणार नाही.